वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी आमदार-खासदार निधी: लोकप्रतिनिधींशी संबंध नेमके कसे जोडावेत?

तालुका_चिटणीस (प्रश्न)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या शासनमान्य ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा मी गेली सहा वर्षे चिटणीस आहे. आमची इमारत जुनी आणि कौलारू आहे. तिच्या माडीवरच्या एका खोलीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बसतात. तेथे चाळीस जणांची सोय होते, आणि परीक्षांच्या दिवसांत सकाळी सहापासून पायऱ्यांवर दप्तरे ठेवून जागा धरल्या जातात. इमारतीच्या मागे संस्थेची मोकळी जागा असून तेथे दुमजली अभ्यासिका बांधावी, असा ठराव सर्वसाधारण सभेने केला आहे. एका परिचित वास्तुविशारदाने विनामूल्य नकाशा आणि अडतीस लाखांचे अंदाजपत्रकही करून दिले. शासनाकडून मिळणाऱ्या परिरक्षण (देखभाल) अनुदानातून ग्रंथपालांचे वेतन, पुस्तके, नियतकालिके आणि वीजबिल यांचीच तोंडमिळवणी होते. त्यातून बांधकाम होणे शक्य नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्धापनदिनाला आम्ही स्थानिक आमदारांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. शाल-श्रीफळ झाले, निवेदन वाचून दाखवले, आणि त्यांनी भाषणातच आपल्या निधीतून दहा लाख रुपये देत असल्याचे जाहीर केले. टाळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमीही आली. त्यानंतर मी चार वेळा त्यांच्या संपर्क कार्यालयात जाऊन आलो. प्रत्येक वेळी चहा मिळाला आणि ‘होऊन जाईल’ असे उत्तर मिळाले. आजतागायत एक रुपयाही आलेला नाही.

यावरून आमच्या कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की, आमदारांना किंवा त्यांच्या घरातील कोणाला तरी संस्थेचे अध्यक्षपद द्यावे, म्हणजे काम आपोआप होईल. दुसऱ्या गटाला राजकारण्यांनी वाचनालयाचा उंबरठाही ओलांडू नये असे वाटते. मला दोन्ही टोके पटत नाहीत, पण मधली वाट कशी असते हे मी कधी पाहिलेलेही नाही. ज्यांनी अशी कामे प्रत्यक्ष करून घेतली आहेत, त्यांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_लेखाधिकारी

चिटणीस महोदय, मी नोकरीची शेवटची अकरा वर्षे एका जिल्हा नियोजन कार्यालयात काढली आहेत, त्यामुळे आपले दहा लाख कोठे अडकले आहेत हे मला साधारण सांगता येईल. ते कोठेही अडकलेले नाहीत. ते निघालेलेच नाहीत. व्यासपीठावरील घोषणा आणि निधीची शिफारस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमदार किंवा खासदार आपल्या स्थानिक विकास निधीतून कोणालाही पैसे ‘देत’ नाहीत. ते काम सुचवतात. त्यांचे शिफारसपत्र जिल्हा नियोजन कार्यालयात नोंदले जाते, काम निकषांत बसते का हे तपासले जाते, कार्यान्वयीन यंत्रणा ठरते, तिच्याकडून अंदाजपत्रक मागवले जाते, तांत्रिक मान्यता होते, मग जिल्हाधिकारी स्तरावर प्रशासकीय मान्यता मिळते आणि त्यानंतर निधी त्या यंत्रणेकडे वितरित होतो. आपल्या संस्थेच्या बँक खात्यात तो येत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग किंवा नगरपंचायत यांपैकी कोणीतरी निविदा काढते आणि आपल्याला बांधलेली इमारत मिळते.

यावरून दुसरी गोष्ट लक्षात येईल. आपल्या वास्तुविशारदाचे अंदाजपत्रक कल्पना देण्यापुरते उपयोगी आहे. शासकीय मान्यतेसाठी ते राज्याच्या दरसूचीनुसार, यंत्रणेच्या अभियंत्याने केलेले असावे लागते. माझ्या टेबलावर अशी कितीतरी शिफारसपत्रे वर्षभर पडून राहिलेली मी पाहिली आहेत, ज्यांत आमदारांची सही ठळक होती, पण जागेचा गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक नव्हता, मालकीचा उतारा नव्हता आणि स्थानिक संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. कार्यालयाकडून त्रुटींचे पत्र निघते, ते आमदारांच्या कार्यालयात कोणाच्या तरी कपाटात जाते, मार्च संपतो आणि ती रक्कम दुसऱ्या तयार कामाकडे वळते. यात कोणाचे वैर नसते. ज्याची कागदपत्रे तयार, त्याचे काम पुढे, एवढेच.

आकडेही लक्षात असू द्यावेत, म्हणजे मागणी बेताची करता येते. महाराष्ट्रात विधिमंडळाच्या प्रत्येक सदस्याचा स्थानिक विकास निधी २०२२ मध्ये वर्षाला पाच कोटी रुपये करण्यात आला. त्याआधी तो चार कोटी होता. खासदारांचा निधी २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी आहे. परंतु लोकसभेच्या एका मतदारसंघात सर्वसाधारणपणे विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात, तेव्हा खासदारांच्या पाच कोटींवर किती जणांचे डोळे असतील याचा विचार करावा. त्यांना अडतीस लाखांचे सबंध काम मागण्यापेक्षा तळमजला एका वर्षी आणि वरचा मजला पुढच्या वर्षी, अशी विभागणी अधिक व्यवहार्य ठरते. विधान परिषदेच्या सदस्यांना मात्र लोक विसरतात. आपल्या भागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे आमदार असतातच, आणि अभ्यासिका हा विषय त्यांच्या मतदारांच्या जिव्हाळ्याचा आहे. राज्यसभेचे निर्वाचित सदस्य तर ज्या राज्यातून निवडून आले त्या राज्यात कोठेही काम सुचवू शकतात.

खासदार निधीच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. तुमच्या कार्यकारिणीतील पहिल्या गटाला हे अवश्य दाखवा: ज्या संस्थेत किंवा न्यासात शिफारस करणारे खासदार स्वतः अथवा त्यांचे कुटुंबीय अध्यक्ष, विश्वस्त किंवा व्यवस्थापन समितीचे सदस्य असतात, ती संस्था त्यांच्या निधीस अपात्र ठरते. शिवाय संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी, ती लोकोपयोगी काम करणारी हवी, आणि तिला जिल्हा प्राधिकाऱ्याशी करारनामा करावा लागतो. एका संस्थेला एकूण किती रक्कम देता येते यालाही मर्यादा आहे. या योजनेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून शिफारशीपासून देयकापर्यंतचा व्यवहार आता ई-साक्षी या संगणकीय प्रणालीवरून होतो, म्हणून जुन्या छापील पुस्तिकेवर विसंबू नये. आमदार निधीसाठी खाजगी न्यासाच्या जागेवरील बांधकामाच्या अटी नियोजन कार्यालयाकडून लेखी मागून घ्याव्यात.

ग्रंथघर

लेखाधिकारी साहेबांनी जो नियम सांगितला, त्याचा चटका आमच्या संस्थेने सोसला आहे, म्हणून लिहितो.

आमच्या जुन्या कार्यकारिणीने तेव्हाच्या खासदारांच्या धाकट्या भावाला मोठ्या उत्साहाने उपाध्यक्ष केले. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष आम्ही निधीची वाट पाहिली, आणि शेवटी नियोजन कार्यालयातून कळले की या उपाध्यक्षपदामुळेच प्रस्ताव ग्राह्य धरता येत नाही. त्यांनी राजीनामा देईपर्यंत, आणि धर्मादाय कार्यालयात त्याचा बदल अर्ज मंजूर होईपर्यंत, निवडणूक आली. खासदार पराभूत झाले. नव्या खासदारांच्या कार्यालयात गेलो तर पहिले वाक्य ऐकू आले ते असे, ‘म्हणजे तुम्ही त्यांचेच ना?’ एका पदाच्या मोहाने आम्ही एकाच वेळी अपात्रही ठरलो आणि परकेही. तो शिक्का पुसायला पुढची तीन-चार वर्षे गेली.

तो पुसला कसा, ते सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. आम्ही वर्धापनदिनाला राजकीय पाहुणे बोलावणे बंद केले. त्याऐवजी तालुक्यातील सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींना, निवडून आलेल्या आणि पडलेल्याही, एकेकटे रात्री नऊच्या सुमारास वाचनालयात येण्याचे निमंत्रण दिले. हार नाही, माईक नाही, छायाचित्रकार नाही. त्या वेळी अभ्यासिकेत साठेक मुले मान खाली घालून बसलेली असतात. आमच्या आमदारांनी त्यांतल्या चार-पाच जणांना गाव विचारले. सगळी त्यांच्याच मतदारसंघातील वाड्यावस्त्यांवरची निघाली. भाषणात जे आम्हाला वर्षानुवर्षे पटवता आले नव्हते, ते त्या वीस मिनिटांत झाले. निघताना आम्ही त्यांच्या हाती एकच पान दिले, ज्यावर सभासदसंख्या, अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांची गावनिहाय यादी, गेल्या पाच वर्षांत नोकरीला लागलेल्यांची संख्या, जागेचा सर्व्हे क्रमांक आणि मागणीची रक्कम एवढेच होते.

दुसरे असे की, केवळ मागायला जाणारा माणूस कोणालाच नको असतो. आम्ही वर्षातून दोनदा त्यांच्या कार्यालयाला काही तरी देऊ लागलो. तालुक्यातल्या सगळ्या ग्रंथालयांची एकत्र माहिती आम्ही काढली: किती जणांची इमारत स्वतःची, किती ठिकाणी ग्रंथपालाला महिन्याला किती पैसे मिळतात, अनुदानाचा हप्ता केव्हा आला. ती त्यांना अधिवेशनाच्या आधी पोहोचवली. त्यावरून एकदा विधानसभेत तारांकित (मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न लागला. आमच्या इमारतीशी त्याचा थेट संबंध नव्हता, पण त्यानंतर त्यांचे स्वीय सहायक आमचा दूरध्वनी पहिल्या घंटेला उचलू लागले. निधी मिळायला तरी पुढे चौदा महिने लागले, हेही नमूद करतो.

आणि नगरसेवकांना कमी लेखू नका. नगरपंचायतीचे ना-हरकत प्रमाणपत्र, नळजोड, मागच्या बोळातील अतिक्रमण, या तीन गोष्टी आमच्याकडे एका नगरसेविकेने मार्गी लावल्या. आमदार त्यासाठी फार मोठे आणि फार लांब होते.

दगडी_जिना

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरीही मला या सगळ्या चर्चेच्या मुळाशीच एक आक्षेप नोंदवावासा वाटतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे. म्हणजे ग्रंथालयांना आधार देणे ही शासनाने कायद्याने पत्करलेली जबाबदारी आहे, कोणा एका लोकप्रतिनिधीची मर्जी नव्हे. प्रत्यक्षात काय झाले? परिरक्षण अनुदानाचे दर २०१२-१३ नंतर दहा वर्षे जागचे हलले नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने साठ टक्के वाढ मान्य केली, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजार झाले. ती वाढ होऊनही ते महिन्याला चार हजार रुपयेच भरले, आणि त्यातच ग्रंथपाल, पुस्तके आणि वर्तमानपत्रे! ही वाढ मिळाली ती ग्रंथालय संघ आणि कर्मचारी संघटनांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली, अधिवेशनांवर मोर्चे नेले आणि निरनिराळ्या पक्षांच्या सदस्यांकडून सभागृहात विषय लावून धरला म्हणून. ती हजारो ग्रंथालयांना मिळाली. आमदारांच्या पत्रावर मिळणारी अभ्यासिका एका गावाला मिळते, आणि ज्या गावाचा चिटणीस बोलका नाही त्याला मिळत नाही.

संबंध जोडू नका असे मी म्हणत नाही. परंतु ते जोडताना वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर कोणाचे नाव किती मोठ्या अक्षरांत लागणार, हे आधी ठरवून घ्या. योजनेच्या नावाचा फलक लावणे नियमाने आवश्यक असते, त्याला हरकत नाही. आमच्या शेजारच्या गावात मात्र फलक इतका वाढला की, लोक आता शंभर वर्षांच्या वाचनालयाला देणगीदाराच्या नावाने ओळखतात. दुसऱ्या पक्षाच्या घरातली मुले तिथे जात नाहीत.

शिवाय जिथे लोकप्रतिनिधीची गरजच नाही अशा वाटा आधी चालून पाहाव्यात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या असमान निधी योजनांतून (ज्यांत राज्याला तितकाच वाटा घालावा लागत नाही) इमारत, फर्निचर, संगणक, बालविभाग यांसाठी अर्थसाहाय्य मिळते. त्याचे प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत ग्रंथालय संचालनालयाकडे जातात. त्यासाठी कोणाला शाल पांघरावी लागत नाही.

माजी_स्वीय_सहायक

मी दोन निरनिराळ्या आमदारांकडे मिळून नऊ वर्षे स्वीय सहायक म्हणून काम केले आहे. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसते, ते थोडक्यात सांगतो.

एका मतदारसंघातून वर्षाला निधीच्या मागण्या येतात त्या उपलब्ध रकमेच्या कितीतरी पट. सभामंडप, रस्ते, गटारे, हायमास्ट दिवे, व्यायामशाळा. आमदारांना रोज सकाळी पन्नास माणसे भेटतात आणि प्रत्येकाच्या हातात अर्ज असतो. प्रत्येक अर्जावर ते काहीतरी लिहितात, पण ‘योग्य कार्यवाही करावी’ या शेऱ्याचा अर्थ अर्ज फाईलला लागला एवढाच असतो. ज्या शेऱ्यात रक्कम आणि आर्थिक वर्ष लिहिलेले असते, तो खरा शेरा. तुम्ही पुढच्या भेटीत तोंडी आश्वासनाची आठवण करून देण्यापेक्षा शिफारसपत्राचा मसुदा टंकलिखित करून न्या. त्यात कामाचे नाव, ठिकाण, सर्व्हे क्रमांक, रक्कम आणि प्रस्तावित यंत्रणा लिहा. सही झाली की पत्र नियोजन कार्यालयात गेले का हे तेथील आवक क्रमांकावरून तपासा. आमच्या कार्यालयात तो क्रमांक विचारणारी माणसे वर्षाला दहासुद्धा नसत, आणि त्यांची कामे बहुधा होत.

वेळेचेही भान ठेवा. एप्रिल ते जूनमध्ये नवीन वर्षाची यादी तयार होते, तेव्हा जा. फेब्रुवारीत आलात तर उरलेसुरले मिळेल. कधी कधी ते बरेच असते, कारण अडलेल्या कामांची रक्कम तेव्हा मोकळी होते, पण त्यासाठी तुमची कागदपत्रे आधीच तयार हवीत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की, कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश) निघालेला असूनही जागेवर काम सुरू झालेले नसेल तर ते सुरू करता येत नाही. अशा वेळी आमदारांवर रागावून उपयोग नसतो.

जिल्हा नियोजन समिती हा वेगळा मार्ग आहे. तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी असतात. जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण योजनांखाली अभ्यासिकेसारखे काम बसू शकते. येथे मात्र सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात फरक पडतो, हे आडपडदा न ठेवता सांगतो. स्थानिक विकास निधी सर्व आमदारांना सारखा असतो. नियोजन समितीतला वाटा आणि ‘लोकप्रतिनिधींनी सुचविलेली कामे’ म्हणून ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या खात्याखाली) येणारा निधी यांचे तसे नाही. तुमचे आमदार विरोधी बाकांवर असतील तर त्यांच्याकडे स्थानिक निधीच मागा, आणि पालकमंत्र्यांकडे स्वतंत्रपणे जा. दोघांनाही एकमेकांविषयी काही सांगू नका.

आता एक अप्रिय विषय. काम मंजूर होताना किंवा निविदा निघताना कोणीतरी मध्यस्थ येऊन टक्केवारीचे बोलतो. तो आमदारांचे नाव घेईल; पुष्कळदा आमदारांना त्याचा पत्ताही नसतो, आणि कधी कधी असतोही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यालाच संरक्षण मिळते. देशात सर्वत्र चर्चा झालेले २००५ सालचे खासदार निधीचे छुपे चित्रीकरण अनेकांच्या स्मरणात असेल. त्यात कामे सुचवण्यासाठी पैशांची बोलणी करणारे लोकप्रतिनिधीच पडद्यावर दिसले होते. संस्थेच्या चिटणीसाने अशा बोलण्याला एकट्याने कधीही सामोरे जाऊ नये. सोबत कार्यकारिणीचा दुसरा सदस्य असू द्यावा, आणि झालेल्या प्रत्येक भेटीची नोंद इतिवृत्तात करावी. इतिवृत्तात नोंद होते हे कळले की निम्मे मध्यस्थ परत येत नाहीत.

तालुका_चिटणीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘दगडी_जिना’ यांचा आक्षेप मी कार्यकारिणीत वाचून दाखवला. फलकाचा आकार ठरावाने निश्चित करण्याचे सर्वांनी मान्य केले, आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून प्रतिष्ठानच्या योजनेचा अर्जही मागवला आहे. अध्यक्षपदाचा विषय खासदार निधीचा नियम ऐकताच मिटला.

मात्र लेखाधिकारी साहेबांच्या सल्ल्याप्रमाणे काल मिळकत पत्रिकेचा (जागेच्या मालकीच्या शासकीय नोंदीचा) उतारा काढला आणि नवीनच अडचण समोर आली. मागच्या मोकळ्या जागेवर अजून संस्थेच्या संस्थापकांपैकी एकाचे वैयक्तिक नाव आहे. ते गृहस्थ चाळीस वर्षांपूर्वी वारले. त्यांचे वारस पुण्यात आणि परदेशात आहेत. आमच्याकडे त्यांच्या सहीचे एक साध्या कागदावरचे दानपत्र आहे, नोंदणीकृत नाही. म्हणजे आमदारांनी दोन वर्षांपूर्वी खरोखरच पत्र दिले असते, तरी ते परतच आले असते.

निवृत्त_लेखाधिकारी

होय, परत आले असते. प्रथम धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या परिशिष्ट एकचा (न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा घ्या आणि त्यात ही मिळकत नोंदलेली आहे का ते पाहा. नोंद असेल तर वारसांशी बोलताना आपली बाजू बळकट राहील. नोंद नसेल तरी घाबरून न जाता वारसांकडे सन्मानाने जा, त्यांच्या आजोबांचे नाव अभ्यासिकेला देण्याचा ठराव सोबत न्या आणि साध्या संमतिपत्रावर न थांबता नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घेण्याविषयी वकिलांचा सल्ला घ्या. परदेशातील वारसांना तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवता येते. मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव लागेपर्यंत आमदारांकडे जाऊ नका. लागले की त्याच आठवड्यात जा, मसुदा सोबत घेऊन.